अंगठ्याने झिजलेला सिंह

पोकुआच्या नाकावर राग आहे, असं कुमासीतल्या केजेटियाच्या गाडीतळावर सगळे म्हणायचे. ते काही खरं नव्हतं. नाकावरचा राग दोन शिव्या हासडल्या की उतरतो. पोकुआचा उतरत नसे, कारण तो बहुतेक वेळा रास्त असे, आणि रास्त राग उतरायला समोरच्याने चूक कबूल करावी लागते. गाडीतळावर कुणी चूक कबूल केल्याचं अजून तरी ऐकिवात नाही.

अठराव्या वर्षी ती बापाच्या गाडीवर मेट म्हणून चढली. दारात लटकून ‘ओबुआसी, ओबुआसी’ ओरडायचं, उतारू कोंबायचे, टपावर रताळ्यांची पोती आणि बकऱ्या बांधायच्या, हे मेटचं काम. बायका ते करत नसत. पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या गाडीच्या मेटने तिला विचारलं, “काय गं, आईची केंकीची टोपली सोडून इकडे कुठे वाट चुकलीस?” तिने त्याच्या डोक्यावरची टोपी काढली आणि शेजारून निघालेल्या ट्रकच्या टपावर भिरकावली. ट्रक दूर उत्तरेला, तमालेला चालला होता. टोपीही गेली. पुन्हा कुणी विचारलं नाही.

तिचा बाप कोजो अमोआको. त्याची गाडी म्हणजे लांब पाठीची, तीन रांगांची प्यूजो ५०४, कधी काळी पांढरी. तिच्या जाळीवर मधोमध कंपनीची खूण, मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह होता. सिंह प्लास्टिकचा, वर चांदीसारखा मुलामा. तो मुलामा कधीच उडाला होता आणि आतलं काळं उघडं पडलं होतं. कारण रोज पहाटे गाडी काढण्याआधी कोजो पुढे जाऊन उभा राहायचा, उजव्या हाताचा अंगठा सिंहाच्या छातीवर टेकवायचा, जरासा फिरवायचा आणि म्हणायचा, “चल रे, उठ.” बावीस वर्षं. सिंहाच्या छातीला खळगा पडला होता. शेपटीचा गोंडा बेक्वाईच्या वळणावर एका बकऱ्याच्या धडकेत गेला होता. बकरा वाचला, आणि त्याच्या मालकाने वर कोजोलाच झापलं, ही गोष्ट कोजो प्रत्येक खेपेला नव्या उतारूंना सांगायचा.

कोजो गेला तो तीन दिवसांच्या दुखण्यात. तेव्हा पोकुआ सव्वीस वर्षांची होती आणि गेली चार वर्षं अर्ध्या खेपा तीच चालवत होती.

आमच्याकडे माणूस आईच्या रक्ताचा. बाप मुलांना नाव देतो, शाळेत घालतो, गियर टाकायला शिकवतो. पण तो गेला की त्याचं जे काही असेल ते त्याच्या आईच्या घराण्याचं, म्हणजे बहिणीच्या मुलाचं. मुलांकडे एकच मान, बापाची शवपेटी त्यांनी आणायची. पोकुआने आणि तिच्या भावंडांनी चांगली ओडुम लाकडाची पेटी आणली. आठव्या दिवशी घराण्याची बैठक बसली आणि गाडी अकोवाला द्यायची ठरली. अकोवा म्हणजे बिरागो आत्याचा मुलगा. कुमासीत फ्रिजच्या दुरुस्तीचं दुकान चालवणारा, पांढऱ्या बुटांचा. मामाच्या गाडीत तो आयुष्यात सहा वेळा बसला असेल, तेही मागच्या रांगेत, बूट मळतील म्हणून पाय वर घेऊन.

“पेटी आम्ही आणायची आणि गाडी तुम्ही न्यायची,” पोकुआ बैठकीत म्हणाली. “वा. छान वाटणी आहे. कुणी केली?”

घराण्याचे म्होरके नाना अदुसेई यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “चाळिसाव्याला गाडी द्यायची,” ते म्हणाले. “होती तशी. चाकापासून सिंहापर्यंत.”

सिंहापर्यंत हे त्यांनी मुद्दाम म्हटलं, कारण त्या दिवशीच गाडीच्या जाळीवर सिंह नव्हता. पोकुआने पहाटेच पान्याने त्याच्या मागचे दोन स्क्रू काढून तो कमरेच्या कपड्यात बांधून ठेवला होता. घरी आल्यावर ती आईवर भडकली. राजधानीत, अक्रात कायदा झालाय, बायको-मुलांना वाटा मिळतो, मग आपण का गप्प बसायचं? आई केंकीचे, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे, गोळे मक्याच्या सालीत गुंडाळत होती. ती म्हणाली, “कायदा अक्रात राहतो, पोरी. नाना अदुसेई पलीकडच्या गल्लीत राहतात.” पोकुआच्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण आई खोटं बोलत नव्हती.

गाडी जाणार हे तिने दात-ओठ खाऊन गिळलं. सिंह मात्र ती देणार नव्हती. बापाचं सगळं गेलं, कपडेसुद्धा घराण्याने वाटून घेतले. त्याचा अंगठा जिथे रोज टेकला तेवढी सुपारीएवढी जागा तिला पाहिजे होती. सुआमे मॅगझिन या गॅरेजवाल्यांच्या वस्तीत जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचे डोंगर आहेत, तिथे दुसरा सिंह सहज मिळाला असता. पण तो खळग्याशिवायचा, गोंड्यासकटचा. नाना अदुसेईंची नजर म्हातारी झाली असली तरी इतकी नव्हती. म्हणून तिने ठरवलं, एक हुबेहूब नकली सिंह करून घ्यायचा, वर रुपेरी-काळा रंग फवारायचा, तो घराण्याच्या माथी मारायचा आणि खरा आपल्याकडे ठेवायचा. सरळ सांगायचं तर चोरीच होती. पण आपल्याच बापाच्या वस्तूची चोरी कशी होते, हे तिला कुणी पटवून दिलं नसतं.

माम्पोंगच्या रस्त्यावर क्रोफोफ्रोम नावाचं गाव आहे. तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या पितळ ओततात. द्वामेना हा त्यांतला सगळ्यात जुना हात आणि सगळ्यात वाकडं तोंड. त्याने गेल्या आठवड्यात ओतलेल्या मूर्ती दलाल महिनाभर मातीत पुरायचे आणि आजोबांच्या काळातल्या म्हणून गोऱ्यांना विकायचे, त्यामुळे जिवंतपणी आपण मेल्यात जमा झालोय, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. पोकुआने कपड्याची गाठ सोडून सिंह त्याच्या पुढ्यात ठेवला.

“काय पाहिजे?”

“याच्यासारखा एक.”

“सारखा की हुबेहूब?”

“हुबेहूब. हा खळगासुद्धा. ही तुटकी शेपटीसुद्धा. कुणी कितीही निरखून बघितलं तरी फरक कळता कामा नये.”

द्वामेनाने सिंह नखाने खरवडला, वास घेतला, दाताखाली धरून बघितला. “होईल. पितळ तुझं तू आण. आणि चार दिवसांनी ये.”

आणखी एक वाक्य ती बोलली असती तर बरं झालं असतं. पण मनात चोरी असली की माणूस कमी बोलतो. दुसऱ्या दिवशी तिने घरामागे पडलेला जुना रेडिएटर त्याच्याकडे नेऊन टाकला. कोजोने तो दहा वर्षांपूर्वी बदलला होता आणि कधी तरी कामाला येईल म्हणून ठेवून दिला होता. त्याच्या दोन्ही टाक्या पितळेच्या होत्या.

“रेडिएटर,” द्वामेना म्हणाला. “लोक नळ आणतात.”

“मी नळ चालवत नाही.”

चौथ्या दिवशी ती पोचली तेव्हा भट्टी पेटलेली होती. द्वामेना पामच्या सालीचे तंतू मातीत मळत होता. बाजूला नारळाएवढा मातीचा भाजलेला गोळा होता.

“माझा सिंह दे,” ती म्हणाली.

“आज ओतणार. बस तिथे.”

“तो नाही. मी दिलेला. तो आधी दे.”

द्वामेनाने मळक्या बोटाने गोळ्याकडे दाखवलं. “तो त्यात होता.”

“होता म्हणजे?”

“म्हणजे आता त्यात त्याची जागा आहे. काल जाळला. काय घाण वास. बायको जेवण घेऊन बहिणीकडे गेली ती अजून आली नाही.”

पोकुआच्या हाताला भट्टीचा चिमटा लागला. तो आपण केव्हा उचलला, हे तिला कळलं नाही.

“मार,” द्वामेना म्हणाला. “पण आधी ऐक. भुईमूग ओतायचा असला तर आम्ही भुईमूगच मातीत घालतो. खेकड्याची नांगी, भुंगा, भेंडी, सगळं तसंच. आतलं जळून जातं, जागा राहते, जागेत पितळ जातं. मेणाचा कोरला असता तर तो माझ्या हातचा झाला असता, सारखा झाला असता. मी तुला विचारलं होतं. तू हुबेहूब म्हणालीस. हुबेहूब पाहिजे तर ती वस्तूच द्यावी लागते. क्रोफोफ्रोममध्ये हे शेळ्यांनाही ठाऊक आहे.”

“मी क्रोफोफ्रोमची नाही.”

“ते दिसतंय.”

“म्हाताऱ्या, तू मला विचारायचं होतंस. किल्ली करायला दिली तर किल्लीवाला जुनी किल्ली गिळतो का?”

“आणि तू सांगायचं होतंस. ‘परत पाहिजे.’ दोन शब्द. जीभ काय केजेटियाला ठेवून आली होतीस?”

तिने त्याला त्याच्या आजोबांपासून पणतवंडांपर्यंत उद्धारलं. तोही गप्प बसणारा नव्हता. दहा वर्षांचा दलालांवरचा राग त्याने तिच्यावर काढला, आणि महिन्याभराचा घराण्यावरचा राग तिने त्याच्यावर. शेजारचे ओतारी काम थांबवून कुंपणाशी आले. पण सगळ्या शिव्या देऊन झाल्यावर तिच्याकडे जो राग उरला तो स्वतःवरचा होता, आणि तो कुणाला देता येईना. बापाचा अंगठा तिने आपल्या हाताने उचलून भट्टीला दिला होता.

“ओतताना बिघडलं तर?” तिने विचारलं.

द्वामेनाने पहिल्यांदाच आवाज खाली आणला. “तर काही नाही.”

मग ती बसली. द्वामेनाने रेडिएटरचे तुकडे मातीच्या पेल्यात भरले, पेला गोळ्याच्या तोंडाला लावला आणि दोन्ही मिळून वरून मातीने लिंपून टाकले. मग पेला खाली, गोळा वर असं ते भट्टीत ठेवलं. भाता चालू झाला. पितळ वितळलंय की नाही, हे आत बघून कळत नाही. द्वामेना ज्वाळेचा रंग बघत होता. ज्वाळ हिरवट झाली तसा तो उठला, चिमट्याने सगळं उचललं आणि एका झटक्यात उलटं केलं. आता पितळ खाली उतरत असेल. पोकुआ त्या मातीकडे अशी बघत होती की तिच्या नजरेनेच ते थिजावं.

गार व्हायला दुपार टळली. द्वामेनाने हातोडी तिच्या हातात दिली. “तू फोड. एवढा राग आहे, कामाला लाव.”

तिचा हात उठेना. टोप्या भिरकावणारी, चिमटे उगारणारी पोकुआ हातोडी घेऊन बसून राहिली. मग हळूच ठोकलं, पुन्हा ठोकलं, आणि माती पापुद्र्यांनी सुटायला लागली. आधी पंजा दिसला. मग आयाळ. सिंह काजळीने काळा होता आणि त्याच्या मागे पितळेचा ठोंब होता. द्वामेनाने तो करवतीने कापला, मागे स्क्रू बसायच्या दोन खुंट्या कानशीने साफ केल्या, वाळूने घासून छाती पुसली आणि तिच्याकडे दिला.

खळगा होता. बाजूला बापाच्या नखाची बारीक रेघ होती, तीसुद्धा होती. तिने अंगठा ठेवला. पितळ अजून कोमट होतं.

“गोंडा नाही,” द्वामेना म्हणाला.

“नव्हताच.”

तिने आभार मानले नाहीत, त्यानेही वाट पाहिली नाही.

आता तिच्याकडे एकच सिंह होता, आणि चाळिसावा दोन दिवसांवर आला होता. रंगाचा डबा घरात तयार होता. तिने तो हलवला, झाकण काढलं, सिंह जुन्या वर्तमानपत्रावर ठेवला. रंग फवारला की खळगा अर्धा बुजणार, रेघ पार बुजणार. तिने डबा कुंपणापलीकडे फेकून दिला. मग गाडीपाशी गेली आणि तो पिवळाधमक सिंह तसाच जाळीवर बसवला. बघू दे काय बघायचं ते. आपल्याला काही मिळणार नाही, हे ती तेव्हाच धरून चालली होती. निदान रंग लावून बापाला पुसायचं नाही, एवढं तिच्या हातात होतं.

चाळिसाव्याला बिरागो आत्याच्या अंगणात तंबू घातला होता. सगळे सुतकाच्या काळ्या-लाल कपड्यांत. नाना अदुसेईंनी पूर्वजांना साक्षीला बोलावत जमिनीवर दारू ओतली, नावं घेतली, कोजोचं नाव नव्याने घेतलं. मग पोकुआला गाडीची किल्ली द्यायला सांगितली. तिने किल्ली अकोवाच्या हातात दिली नाही, समोरच्या स्टुलावर ठेवली. अकोवा गाडीभोवती फिरला. पुढे आल्यावर थांबला.

“हे काय पिवळं? माझा सिंह कुठाय?”

“तुझा?” पोकुआ म्हणाली.

“गाडी माझी, सिंह माझा. हे कुठलं भंगार लावलंस? नाना, बघा. खरा हिने काढून ठेवलाय. बैठकीच्या दिवशीही नव्हता.” त्याने खिशातून पाना काढला. तो तयारीनेच आला होता. दोन स्क्रू काढून सिंह स्टुलावर आपटला. “हे मला नको. सगळ्यांसमोर सांगतो, हे घरी केलेलं सोंग माझ्या गाडीवर नको. मला खरा पाहिजे.”

नाना अदुसेईंनी विचारलं, “पोरी, खरा कुठे आहे?”

“जळाला.”

तंबूत कुजबुज झाली. अकोवा हसला. त्या हसण्याने पोकुआचा उरलासुरला लगाम सुटला.

“हो, मी चोरणार होते,” ती म्हणाली. “ऐका सगळे. नकली तुम्हाला देणार होते आणि खरा ठेवणार होते. पण क्रोफोफ्रोमच्या त्या म्हाताऱ्याने खराच मातीत घालून जाळला आणि त्याच्या जागेत हा ओतला. पितळ त्याच गाडीच्या रेडिएटरचं. आता चोरायला काही उरलं नाही. ह्याला भंगार म्हणतोस? तुझ्या मामाचा अंगठा आहे त्यात. कुठला अंगठा, विचारलं तर तुला सांगता येईल का? डावा की उजवा? तू मागच्या रांगेत बूट सांभाळत होतास.”

“जाळला म्हणे,” अकोवा म्हणाला. “आणि आम्ही मानायचं.”

बिरागो आत्या आतापर्यंत बोलली नव्हती. ती अकोवाची आई. गाडी घराण्यातच राहावी म्हणून आठव्या दिवशी सगळ्यात जास्त बोलली होती तीच. ती खुर्चीचे हात धरून उठली, स्टुलापाशी आली, सिंह हातात घेतला आणि त्याच्या छातीवर अंगठा ठेवला. 

“बाजारच्या दिवशी मला न्यायला यायचा,” ती म्हणाली. “मी दारात ताटकळत उभी, आणि हा आधी सिंहाला हात लावणार. मी म्हणायचे, बहिणीला नमस्कार नंतर, जनावराला आधी. तर म्हणायचा, बहीण ढकलायला लागत नाही.” तिने सिंह उलटा केला, शेपटी बघितली. “बकऱ्याने तोडली ती ही. कोजोचाच आहे हा.”

“मग बसवा जागेवर,” अकोवा म्हणाला आणि हात पुढे केला. “ठीक आहे. घेतो.”

“नाना,” आत्या म्हणाली, “माझा मुलगा काय म्हणाला ते ऐकलंत ना तुम्ही?”

“ऐकलं,” नाना अदुसेई म्हणाले. “‘मला नको’ म्हणाला. दारू ओतून झाल्यावर म्हणाला. पूर्वजांनीही ऐकलं.”

“आई, मला माहीत नव्हतं—”

“तेच तर,” आत्या म्हणाली. तिने सिंह पोकुआच्या हातात दिला आणि तिच्याकडे न बघता खुर्चीत जाऊन बसली.

पोकुआ रडेल असं सगळ्यांना वाटलं. ती रडली नाही. हातातल्या सिंहाने तिचा राग तसूभरही कमी झाला नव्हता. उलट जाळीवरची ती दोन उघडी भोकं बघून वाढलाच. देणाऱ्यांनी आपल्या बापाचा अंगठा आपल्याला दान दिल्यासारखा दिला, हे तिला लागलं होतं, आणि ते तिने पुढे कित्येक वर्षं बोलून दाखवलं.

अकोवा गाडीत बसला. किल्ली फिरवली. गाडी खोकली आणि बंद पडली. पुन्हा फिरवली, पुन्हा खोकली. तंबूतून कुणी तरी म्हणालं, “मामाला उठवा,” आणि काळ्या कपड्यांतले लोक हसायला लागले. चौथ्यांदा इंजिन असं घुसमटलं की पोकुआला ते ऐकवेना. तिने शिवी हासडली, जाऊन बॉनेट उघडलं, पेट्रोलच्या नळीवर दोनदा चापट मारली आणि चोकची तार बोटाने अर्धी ओढून धरली.

“पाय उचल,” ती अकोवावर ओरडली. “गळा दाबू नकोस तिचा. आता फिरव.”

गाडी चालू झाली. पोकुआने बॉनेट एवढ्या जोरात आपटलं की अकोवा आत दचकला. मग ती बाजूला झाली आणि गाडी गेली.

पुढे पाच वर्षांनी तिने स्वतःची गाडी घेतली, एक जुनी जपानी व्हॅन. तिच्या नाकावर तो पितळी सिंह बसवला. केजेटियाला नवखा कुणी तरी अजूनही म्हणतो, “मॅडम, हा सिंह या गाडीचा नव्हे, दुसऱ्या कंपनीचा आहे.” मग जे ऐकायला मिळतं ते ऐकून तो तमालेच्या गाडीत बसतो.

पहाटे गाडी काढताना ती पुढे जाऊन उभी राहते आणि अंगठा टेकवते. तिचा अंगठा बापापेक्षा बारीक आहे. खळगा अजून भरत नाही.